नाठाळ बिलं

माझ्या संगणकात ‘नाठाळ’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात चव्वेचाळीस बिलं आहेत. कापडाची, सुताची, मजुरीची. एकही सरळ नाही. एकात गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांकच नाही. एकात मीटरच्या आकड्यामागे पाऊण मीटर लोंबतोय. एकात माल ३१ मार्चला निघाला आणि ३ एप्रिलला परत आला. एकात थान फाटकं निघालं म्हणून बट्टा दिलाय, आणि तो मजुरीतून कापायचा की सुताच्या हिशेबातून, यावरून दोन सख्ख्या भावांत अबोला झालाय. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये मी टिंबाएवढा बदल केला तरी आधी ही सगळी बिलं त्यातून काढतो. ती नीट निघाली तरच बदल गिऱ्हाइकाकडे जातो.

ही सगळीच बिलं मी गोळा केलेली नाहीत. त्यातली पहिली एकतीस बुऱ्हाणपुरातल्या एका मुनीमजींनी तीस वर्षांच्या भांडणांतून जमवली होती. एका संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. त्या पिशवीचं देणं कसं फेडायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

मी मूळचा इथलाच. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि कारखान्यात मागांच्या खटखटीतून जे ऐकू येईल ते. आमचं गाव मध्य प्रदेशात असलं तरी महाराष्ट्रातलं रावेर तासाभराच्याही आत आहे. त्यामुळे कारभार भोपाळचा आणि सोयरीक खानदेशातली, असं आमचं चालतं. इथलं कोरं कापड, अस्तर, बक्रम भिवंडी-मालेगावकडे जातं. भुसावळला इंजिनिअरिंग केलं, हिंजवडीत सहा वर्षं दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं दुरुस्त केली आणि २०१४ मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे परत आलो. पोटासाठी कापडवाल्यांकरता बिलिंगचं एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. तीन वर्षांत साठेक दुकानांत ते चालायला लागलं.

मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला.

तो काळ ज्यांनी बिलाच्या काउंटरमागे काढला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. कापडबाजाराला विक्रीकराची सवयच नव्हती. सुरतेत तर व्यापाऱ्यांनी जुलैमध्ये कितीतरी दिवस दुकानं बंद ठेवली. कापडावर ५ टक्के, सुती धाग्यावर ५, कृत्रिम धाग्यावर १८, मजुरीवर ५. ऑक्टोबरात कृत्रिम धागा १८ वरून १२ वर आला. रिटर्नचे नमुने बदलत होते, तारखा पुढे सरकत होत्या. आणि जे काही दिल्लीत बदलायचं ते दुसऱ्या दिवशी माझ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसावं, अशी साठ दुकानांची अपेक्षा होती. चुकीची नव्हती. त्यासाठीच ते पैसे देत होते.

मी सुटलोच. सकाळी शनवारा पेठेतून फोन आला की दुपारी दुरुस्ती तयार, संध्याकाळी सगळ्यांना लिंक. एका आठवड्यात मी चार आवृत्त्या पाठवल्या आहेत. लोक म्हणायचे, “भाऊ बडे फास्ट हैं.” मला ते ऐकायला फार आवडायचं. हिंजवडीत असताना एक ओळ बदलायला सात जणांची परवानगी लागायची. इथे मीच लिहिणारा, मीच पाहणारा, मीच पाठवणारा. मला वाटायचं, याला म्हणतात स्वातंत्र्य.

दिवाळीच्या तोंडावर एका व्यापाऱ्याने सांगितलं की रावेरची पार्टी निवडली तरी सॉफ्टवेअर तिला मध्य प्रदेशातलीच धरतं. हा घोळ आमच्यासारख्या सीमेवरच्या गावाला महागात पडतो. माल राज्यातच राहिला तर ५ टक्क्यांतला अर्धा कर केंद्राचा, अर्धा राज्याचा. राज्याबाहेर गेला तर पूर्ण ५ टक्के एकत्रित कर. गिऱ्हाइकाच्या खिशातून तेवढेच पैसे जातात, पण ते चुकीच्या खात्यात भरले तर योग्य खात्यात पुन्हा भरावे लागतात आणि आधी भरलेल्यांचा परतावा मागत बसावं लागतं. मी उपाय शोधला. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, मध्य प्रदेशाचे २३, महाराष्ट्राचे २७. पत्त्याकडे बघायचंच नाही, ते दोन आकडे वाचायचे. दहा मिनिटांचं काम. दोन दुकानांत जाऊन करून पाहिलं, दोन्हीकडे रावेरचं बिल बरोबर निघालं. संध्याकाळी लिंक साठही दुकानांना गेली.

त्या दोन्ही दुकानांतली रावेरची पार्टी नोंदणीकृत होती. ज्यांच्याकडे जीएसटी क्रमांकच नाही त्यांचं काय होईल, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्या सॉफ्टवेअरने त्यावर स्वतःपुरतं उत्तर काढलं: क्रमांक कोरा म्हणजे पार्टी गावातलीच. मुक्ताईनगर, सावदा, फैजपूर, जिथे जिथे छोट्या, बिगरनोंदणीच्या गिऱ्हाइकाला माल गेला, तिथली सगळी बिलं चुकीच्या करात निघाली. आधीची आवृत्ती निदान यांच्याबाबतीत पत्ता बघत होती. म्हणजे एक भोक बुजवताना मी शेजारी मोठं भगदाड पाडलं होतं. नवव्या दिवशी एका कर-वकिलाच्या लक्षात आलं. तोवर बावीस दुकानांत ती आवृत्ती बिलं फाडत होती.

तीन दिवस मी स्कूटरवरून फिरलो. एकाने विचारलं, “आम्ही दुकान तुझा अभ्यास व्हावा म्हणून उघडलंय का?” दुसरा काहीच बोलला नाही. त्याने फक्त मॉनिटर माझ्याकडे वळवला, आपली खुर्ची रिकामी करून दिली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. त्याचंच जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुनीमजींच्या पेढीवर पोचलो. मालक अन्सारी घराण्यातले, बारा मागांचा कारखाना मागे आणि पेढी पुढे. मुनीमजी मराठी. तरुणपणी ताप्ती मिलमध्ये कापडतपासणीला होते, नंतर या पेढीवर आले ते कायमचे. सगळे त्यांना मुनीमजी म्हणत. मी काका म्हणायचो, कारण वडिलांच्या ओळखीतले. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. “ये इंजिनिअर,” म्हणत, आणि त्या ‘इंजिनिअर’मध्ये कौतुक किती, चिमटा किती, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

“काका, तुमची बिलं बघायची आहेत.”

“काय बघतोस? इथे तुझं जुनंच चालू आहे.”

नवी आवृत्ती त्यांनी घेतली होती, पण पेढीच्या संगणकावर नाही. गोदामात सुताच्या पोत्यांमागे एक जुना, पिवळा पडलेला संगणक होता, त्यावर. तिथे त्यांनी मागच्या महिन्याची बिलं एकेक करून पुन्हा घातली होती. “मागच्या महिन्याची बेरीज मला पाठ आहे. नव्या मशीनने तीच सांगायला पाहिजे. तिने वेगळीच सांगितली. म्हटलं, राहू दे जुनंच.”

ज्याला आम्ही रिग्रेशन टेस्टिंग म्हणतो आणि ज्यावर हिंजवडीत मी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, ते हे होतं. नोंदी आधी कच्च्या कीर्दीत लिहायच्या आणि ताळा जमल्यावरच पक्क्या वहीत चढवायच्या, ही त्यांची जुनी सवय. संगणक आला म्हणून त्यांनी ती सोडली नव्हती, एवढंच.

मी चिडलो. थकवा होता, अपमान होता. “तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, तर फोन का नाही केलात?”

“केला होता. तू म्हणालास, काका, नंतर बोलतो, आत्ता अपडेट पाठवतोय.”

मला तो फोन आठवला. नवी आवृत्ती पाठवायची होती म्हणून मी तो घाईने ठेवला होता.

त्यांनी चहा मागवला. मग कपाटातून ती पिशवी काढली. जुनी बिलं, कार्बन पुसट झालेली, काहींच्या पाठीवर पेन्सिलीने आकडेमोड. “ही नाठाळ बिलं. ज्या ज्या बिलावरून भांडण झालं ते मी ठेवून दिलंय. नवा मुनीम आला की आधी ही त्याच्यापुढे टाकायची. ही ज्याला जमली त्याला बाकीची येतातच. तुझ्या मशीनला घालून बघ.” मी ती रात्रभर घातली. एकतीसपैकी सात चुकली. सात प्रकारांनी माझं सॉफ्टवेअर तीन वर्षं चुकत होतं आणि कुणी बोललं नव्हतं. एवढी वर्षं दुकानदार ती बिलं हाताने सुधारून घेत होते. मला वाटत होतं तक्रार नाही म्हणजे चूक नाही.

पुढची सहा वर्षं मी त्यांच्या गोदामातल्या त्या पिवळ्या संगणकाचा ऋणी होतो. प्रत्येक आवृत्ती आधी तिथे जायची. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. फार मागे लागलो तेव्हा दर ठरला: त्यांनी पकडलेल्या प्रत्येक चुकीमागे पाव किलो मावा जिलेबी. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी ज्याने खाल्ली नाही त्याला हा दर किती जबर होता ते कळायचं नाही. त्यांना स्वतःला मधुमेह. जिलेबी मागे कारखान्यात जायची, कांड्या भरणाऱ्या पोरांना. मी चुकलो की ती पोरं खूष. एकदा तर एकाने मला विचारलं होतं, “भय्या, इस हफ्ते कुछ नहीं बिगाड़ा?”

मी त्यांना डोनाल्ड क्नुथची गोष्ट सांगितली होती. हे अमेरिकेतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. पुस्तकांची अक्षरजुळणी करणारी ‘टेक’ नावाची प्रणाली त्यांनी लिहिली आणि तिच्यात चूक दाखवणाऱ्याला ते धनादेश पाठवत, सुरुवातीला २ डॉलर ५६ सेंटचा. मिळालेला धनादेश लोक वटवत नसत, चौकट करून भिंतीवर लावत. आणि त्या ‘टेक’च्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला पाय या संख्येच्या एका दशांश अंकाने पुढे सरकतो: ३.१४, ३.१४१, असा. मुनीमजींना पाय शाळेतला आठवत होता. “म्हणजे ते काम कधी संपायचंच नाही असं त्यांनी आधीच कबूल केलंय,” ते म्हणाले. “बरा माणूस दिसतो. पण जिलेबी सोडून धनादेश?”

त्यांच्याकडून मी जे शिकलो त्यातलं निम्मं कापडाचं होतं. मिलमध्ये खिडकीजवळ उतरतं टेबल असायचं. त्यावरून थान ओढायचं, उजेडात दोष दिसला की खूण करायची आणि मेंडिंगला द्यायचं. मेंडिंगवाला सुटलेला धागा सुईने भरतो, गाठ चिमट्याने काढतो. “आणि मग?” मी विचारलं होतं. “मग ते थान पुन्हा टेबलावर. अख्खं. भरलेली जागाच फक्त बघून चालत नाही. एक धागा ओढला की शेजारचे दोन ढिले पडतात, आणि ते हातभर लांबवर जाऊन दिसतात.” माझी ऑक्टोबरची चूक यापेक्षा नेमक्या शब्दांत मला आजवर कुणी सांगितलेली नाही.

आता त्यांना देव्हाऱ्यात बसवायला नको. आमची भांडणं पुष्कळ झाली. त्यांच्या पेढीच्या संगणकावर विंडोजचे अपडेट दोन वर्षं बंद होते. “चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?” मी त्यांना त्याच वर्षीची ‘वॉनाक्राय’ची हकिगत सांगितली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दुरुस्ती दिली होती. १२ मेला खंडणीखोर विषाणू सुटला आणि ज्यांनी ती दोन महिने लावली नव्हती त्यांची यंत्रं कुलूपबंद झाली. इंग्लंडात इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दाराचं कुलूप तुटलं तर तू मुहूर्त बघत बसणार नाहीस, हे खरं.” दुसऱ्या दिवशी अपडेट चालू झाले. पण पिवळ्या संगणकावरचे नाही. तो मुळी इंटरनेटलाच जोडलेला नव्हता.

त्याच बोलण्यात मी सांगितलं की मायक्रोसॉफ्टही पूर्वी दुरुस्त्या हव्या तेव्हा सोडत असे. मग ऑक्टोबर २००३ पासून त्यांनी महिन्यातला दुसरा मंगळवार ठरवला, म्हणजे कंपन्यांतली माणसं तयारीत राहतील. हे त्यांना फार पटलं. “म्हणजे बाजाराचा वार ठरवला.” आमच्या गावात वारांच्या नावाने पेठाच आहेत, इतवारा, बुधवारा, शनवारा. तेव्हा आमचाही वार ठरला: एकाआड एक बुधवार. रिटर्नच्या दिवसांत, म्हणजे १० ते २० तारखेमध्ये बुधवार आला तर तो खाडा. आणि दोन प्रती: ‘कच्ची’ ज्यांना नवं लवकर हवं आणि चूक दिसली तर फोन करायला हरकत नाही अशा आठ दुकानांसाठी, ‘पक्की’ बाकीच्यांसाठी, पंधरा दिवसांनी.

यात माझं नवीन काही नाही. डेबियन नावाच्या लिनक्सचं हे जुनंच आहे. तिथे नवा माल आधी ‘अनस्टेबल’मध्ये पडतो, घाईच्या मानाने दोन, पाच किंवा दहा दिवस तिथे मोठी तक्रार न येता टिकला तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकतो, आणि त्यातूनच पुढे केव्हातरी ‘स्टेबल’ होतो. फायरफॉक्सने २०११ मध्ये दर सहा आठवड्यांना नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली तेव्हा कार्यालयांतून एवढी ओरड झाली की २०१२ पासून त्यांच्यासाठी वेगळी, सावकाश बदलणारी शाखा ठेवावी लागली. हे सगळं मला कॉलेजपासून, नोकरीपासून माहीत होतं. डेबियन तर माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर होतं. माहीत असूनही साठ दुकानांना एका संध्याकाळी लिंक पाठवणारा मीच.

आणि ही शिस्तही एकदा अंगाशी आली. २०१९ मध्ये परत आलेल्या मालाच्या नोंदीत एक चूक कच्च्या प्रतीत सापडली. दुरुस्ती तयार होती, पण पक्क्या प्रतीचा बुधवार बारा दिवसांवर होता आणि मध्ये रिटर्नचे दिवस. आम्ही थांबलो. नियमाप्रमाणे थांबलो. त्या बारा दिवसांत चार मागांच्या एका कारागिराचा मजुरीचा आकडा रिटर्नमध्ये दुप्पट चढला. त्याच्याकडे वकील नव्हता. तीन खेपा, तीन दिवसांची मजुरी बुडाली. तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, “आपको मालूम था?” मला माहीत होतं.

मी मुनीमजींकडे गेलो आणि म्हटलं, तुमच्या पंधरा दिवसांनी हे झालं. ते चिडले नाहीत की सारवासारव केली नाही. रिक्षा करून आमच्याच गावातल्या लालबागला त्या माणसाच्या घरी गेले आणि खाटेवर बसून त्याचं सगळं रिटर्न सुधारून दिलं. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “दुरुस्ती थांबवली ते बरोबर. पण बोंब का थांबवली?” तेव्हापासून चूक कळली की त्याच दिवशी सगळ्यांना निरोप जातो: अमुक बिल काढू नका, किंवा हाताने काढा, दुरुस्ती अमुक तारखेला. माझ्या धंद्यातली ही सगळ्यात स्वस्त सुधारणा असेल. तिला एक ओळही लिहावी लागली नाही.

मोठमोठ्यांचंही असं होतं, हा दिलासा मात्र ते मला घेऊ देत नसत. आंतरराज्य मालवाहतुकीचं ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ ला सक्तीचं व्हायचं होतं. चाचणी जानेवारीच्या मध्यापासून चालू होती. पहिल्याच दिवशी यंत्रणा भार पेलू शकली नाही आणि सक्ती पुढे ढकलावी लागली. ती १ एप्रिलला आली. मी जरा हसत हे सांगितलं तर म्हणाले, “त्यांनी निदान ढकललं.”

त्यांच्यासोबतचा सगळ्यात मोठा दिवस ३१ डिसेंबर २०२१. कापडावरचा कर ५ वरून १२ टक्के करायचा निर्णय सप्टेंबरात झाला होता, नोव्हेंबरात अधिसूचनाही निघाली होती, १ जानेवारीपासून लागू. कायदाच निघाला म्हटल्यावर मी डिसेंबरच्या मध्यात आवृत्ती तयार ठेवली. नाठाळ बिलं सगळी पार पडली. २९ तारखेला, बुधवारी, पाठवणार होतो. मुनीमजी म्हणाले, नको. सुरतेपासून भिवंडीपर्यंत व्यापारी पेटलेत, शेवटच्या दिवशी काहीही होईल. मी म्हटलं, नाही झालं तर १ तारखेला साठ दुकानं अडकतील, तेव्हा तुम्ही याल का स्कूटरवर? दोन तास वाद. मालकांनी मध्ये येऊन दोनदा चहा दिला.

शेवटी निघाला तो मार्ग माझा होता, पण त्यांच्या हट्टाशिवाय सुचला नसता. दर सॉफ्टवेअरच्या पोटात कोरून ठेवायचाच नाही. दरांचा वेगळा तक्ता, प्रत्येक दरापुढे तारीख, आणि तो तक्ता मी शेवटच्या तासाला एका छोट्या फायलीने बदलू शकेन. आवृत्ती २९ ला गेली, पण १२ टक्क्यांचा तक्ता माझ्याकडेच ठेवला. मला तेव्हा गांधी चौकातली जामा मशीद आठवली. तिथल्या संस्कृत शिलालेखात विक्रम संवत् १६४६ आणि शके १५११ असं कोरलंय. मी मुनीमजींना म्हटलं, बघा, त्या पाथरवटाला केवढा धीर असेल, एकदा छिन्नी चालली की पुढची आवृत्ती नाही. ते म्हणाले, “त्याने आधी खडूने लिहून कुणालातरी वाचून दाखवलं असेल.”

३१ तारखेला शुक्रवार होता. दिल्लीत जीएसटी परिषदेची सेहेचाळिसावी बैठक बसली आणि दुपारी बातमी आली: कापडावरची वाढ स्थगित. ५ टक्के ते ५ टक्केच. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ओळखीच्या पेढीत १ जानेवारीला सकाळी १२ टक्क्यांची बिलं निघाली, मग दिवसभर ती रद्द करत बसले. आमच्याकडे कुणालाच काही करावं लागलं नाही. काहीच घडलं नाही म्हणून कुणी आभारही मानले नाहीत. संध्याकाळी मुनीमजींनी पोराला पाठवून अर्धा किलो मावा जिलेबी मागवली. मी पाकीट काढलं तर म्हणाले, “राहू दे इंजिनिअर. आज माझ्या नावे.” आणि मधुमेह विसरून एक तुकडा तोंडात टाकला.

२०२३ च्या पावसाळ्यात ते गेले. तेराव्यानंतर काकूंनी मला गुंडाळलेलं एक कालनिर्णय दिलं, २०१७ चं. मी आवृत्ती पाठवली त्या त्या तारखेला त्यांनी पेनाने टिंब काढलं होतं, बिघडली असेल तर लाल. जुलैपासून पानांना गोवर आल्यासारखा दिसतो. ऑक्टोबरात एका टिंबाभोवती वर्तुळ आहे आणि बारीक अक्षरात लिहिलंय, ‘फोन केला. कामात आहे.’

पुढच्या वर्षी, १९ जुलै २०२४ ला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर एकाच वेळी गेली आणि विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं निळी पडली. टप्प्याटप्प्याने पाठवायची पद्धत कंपनीने त्यानंतर लावली. भारतात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या पासचा फोटो मी बराच वेळ बघत होतो. अक्षर चांगलं होतं. फोन करावासा वाटला, पण करणार कुणाला?

गेल्या वर्षी पुन्हा तेच. ३ सप्टेंबर २०२५ ला परिषदेने दर बदलले, २२ तारखेपासून लागू, ऐन घटस्थापनेला. कृत्रिम धागा १२ वरून ५ वर. एकोणीस दिवस हातात, त्यातले अकरा रिटर्नचे. त्रेचाळीस नाठाळ बिलं पार पडली. मग मी सवयीने तीच पेढी गाठली. तिथे आता मालकांची सून बसते. बी.कॉम. झालेली, मुनीमजींच्या हाताखाली दोन वर्षं वह्या शिकलेली. पिवळा संगणक गोदामात तिथेच आहे. मी आवृत्ती घालून दिली आणि घरी आलो.

१९ तारखेला रात्री फोन. ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेलं सूत ऑक्टोबरात परत आलं तर काय होतं, ते तिने संगणकाची तारीख पुढे नेऊन पाहिलं होतं. वजावटीची नोंद मूळ बिलाच्या दराने, १२ नेच व्हायला हवी. माझं सॉफ्टवेअर नवा दर, ५, लावत होतं.

“भाईसाहब,” ती म्हणाली, “एक नाठाळ मिला है.”

मग जरा थांबून, मागे माग चालू होते त्यामुळे मोठ्याने: “और बच्चे पूछ रहे हैं, जलेबी कल आएगी या आज ही?”

घड्याळात साडेनऊ झाले होते. दुकान दहाला बंद होतं. मी स्कूटरची किल्ली शोधली.